खडूची सही

टाचणीच्या दप्तरात चार दिवसांपासून एक गुलाबी कागद होता, आणि त्या एका कागदाचं ओझं बाकीच्या सगळ्या वह्यापुस्तकांहून जड झालं होतं.

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. काटकुळी अंगकाठी आणि जीभ अशी की लागेल तिथे टोचेल, म्हणून मावशीने ते ठेवलं, आणि पुढे गल्लीत, शाळेतही तेच चिकटलं. घर म्हणजे तरी काय, पुढच्या खोलीत शिवणकामाचं दुकान आणि मागच्या खोलीत संसार. खिडकीशी आईचं शिवणयंत्र, दाराशी मावशीचं, मधे कापड बेतायचं लांब टेबल. त्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर टाचणीने अक्षर गिरवलं, पाढे घोकले, आणि त्याच कोपऱ्यावर आता भूमितीने तिच्या तोंडचं पाणी पळवलं होतं.

गुलाबी कागद म्हणजे अर्ज. 'माझ्या पाल्याला पूर्ण गणिताच्या तुकडीतून काढून सोप्या गणिताच्या तुकडीत घालावे.' खाली पालकाच्या सहीला जागा. आता सोपं गणित घेऊन पोटापाण्याचं पुष्कळ काही करता येतं, त्यात कमीपणा नाही. पण टाचणीला व्हायचं होतं घरांचे आणि पुलांचे नकाशे काढणारी, आणि नकाशांच्या विद्यालयाचं दार सोप्या गणिताने उघडत नव्हतं. दोन चाचण्यांत भूमितीने तिला पाडलं होतं. तिसरी आणि शेवटची संधी शुक्रवारी, अकरा वाजता, फळ्यासमोर. एक उदाहरण, अर्धा तास.

"अर्ज सही करूनच आणायचा," भूमितीच्या बाई म्हणाल्या होत्या. "जमलं नाही तर तिथल्या तिथे घेईन. शनिवारी याद्या जातात."

या बाईंना मुली पाठीमागे कारणबाई म्हणत. त्या वर्गात शिरल्या की आधी त्यांचा आवाज यायचा, 'कारण?', आणि मग त्या. कुणी पाणी प्यायला जाऊ का विचारलं तरी कारण. देवापुढे हात जोडले की भागतं, तो बापडा कारण विचारत नाही. बाई विचारायच्या.

आणि टाचणीचं गाडं नेमकं तिथेच अडायचं. मुलगी मंद नव्हती. उलट आकृती समोर आली की उत्तर तिला सगळ्यांच्या आधी दिसायचं. कापडात वाढलेली पोर ती. तिरकं काय, सरळ काय, कुठली बाजू कुठल्या बाजूवर बसेल, हे तिला न मोजता कळायचं. दुसऱ्या चाचणीत समद्विभुज त्रिकोण आला होता. दोन बाजू सारख्या दिल्या आहेत, पायाचे दोन कोन सारखे असतात हे सिद्ध करा. टाचणीने उत्तरपत्रिकेवर त्रिकोण काढला, कागद मधोमध दुमडला, उजेडाकडे धरून पाहिला आणि खाली लिहिलं: 'जुळले.'

बाईंनी तो कागद सगळ्या वर्गासमोर उचलला होता. "ही घडी कसली?"

"कापड दुहेरी घालून कापलं की दोन्ही बाजू सारख्या येतात, बाई. तसाच त्रिकोण दुमडला. दोन्ही कोन एकावर एक बसले."

"बसले. कारण?"

"कारण काय त्यात? दिसतंय की. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

वर्गात खसखस पिकली. बाई काही हसल्या नाहीत. "आरसा नको. पण हात तरी पुढे कर. तुझा त्रिकोण जुळला, मान्य. माझा जुळेल? आणि जे त्रिकोण अजून कुणी काढलेच नाहीत, ते कोण दुमडून बघणार आहे?"

टाचणीच्या उत्तरपत्रिकेवर तांबड्या शाईचं शून्य आलं.

"त्या बाईला म्हणावं आमच्या दुकानात ये," मावशीने ऐकून फणकारा केला. मावशी यंत्र चालवताना देवाची गाणी म्हणायची आणि दोन कडव्यांच्या मधल्या जागेत जगाचा समाचार घ्यायची. "दारातून आत येईपर्यंत तिची छाती-कंबर सांगते. टेप लागत नाही मला!"

"आणि मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंचा झगा दोन बोटं घट्ट झाला, तो कुणी बेतला होता?" आईने सुईत दोरा ओवता ओवता विचारलं.

"तिने खाल्लं असेल जास्त," मावशी म्हणाली, आणि पुढचं कडवं धरलं.

आई तशी नव्हती. आईचा डोळा मावशीहून तेज, पण तिचा विश्वास मापाच्या वहीवर. देवाने माणसाला डोळे दिले बघायला, म्हणायची ती, आणि अक्कल दिली डोळ्यांवर लक्ष ठेवायला.

गुरुवारी दुपारी टाचणी शाळेतून आली तेव्हा टेबलावर घड्याळजींचा कोट होता. चौकातले घड्याळजी चाळीस वर्षं तोच कोट घालत आले होते. कोपर विरले, अस्तराच्या चिंध्या झाल्या, तरी त्यांना दुसरा कुठला पसंत पडेना. "हा मला ओळखतो," म्हणाले होते, "अगदी असाच दुसरा करा." शिवणारा कधीच देवाघरी गेलेला, त्याची मापं त्याच्याबरोबर गेली. म्हणजे वाट एकच: जुना कोट उसवायचा, तुकडे नव्या कापडावर ठेवायचे, बेतायचे. एकदा उसवला की परतीची वाट नाही. शनिवारी घड्याळजी अंगात घालून बघायला येणार होते.

"पुस्तक ठेव आणि इकडे ये," आई म्हणाली. "नुसतं बघत बसलीस तर पोटातला गोळा वाढेल. हाताला काम दे."

टाचणीने उसवायची बारीक कात्री उचलली आणि खांद्याला हात घातला.

"तिथून नाही. कुठल्याही शिवणीला हात घालशील तर कापड फाटेल. उसवायचं शेवटच्या टाक्यापासून. ज्याने हा शिवला त्याने शेवटी काय केलं असेल?"

"बटणं?"

"मग बटणं आधी. आता विचार, बटण लावण्याआधी त्याच्या हातात काय तयार असायलाच हवं होतं?"

"पुढची पट्टी. अस्तरासकट."

"आणि अस्तर लावण्याआधी?"

"बाह्या बसलेल्या."

"अशीच मागे मागे जा. दर वेळी तेवढंच विचारायचं. याच्या आधी काय तयार हवं? विचारत विचारत एकदा त्या जागी पोचशील, जिथे कुणी काही शिवलेलंच नाही, नुसतं गिऱ्हाइकाने आणून दिलेलं कापड आहे. तिथे थांबायचं. शिवताना तिथून निघायचं."

उजवी बाही सोडवण्याआधी आईने बाही जिथे कोटाला जोडलेली होती त्या गोलावर, म्हणजे मुंढ्यावर, खडूने खुणा केल्या: बाहीवर एक रेघ, तिच्या समोर मुंढ्यावर एक रेघ, बाहीवर दोन, मुंढ्यावर दोन. मग ती दारात आलेल्या बाईला परकर द्यायला उठली. "डावी तू घे," म्हणाली.

टाचणीने डावी घेतली. हात चालत होता, पण डोक्यात शुक्रवार. टाके भराभर सुटले. आई परत आली तेव्हा डावी बाही टेबलावर मोकळी पडली होती. आईने ती उचलली, फिरवली. पुन्हा फिरवली.

"खुणा कुठायत?"

टाचणीने उजव्या बाहीकडे बोट केलं. "उजवीसारखीच आहे की गं. दिसतंच आहे."

मावशीचं गाणं मधेच थांबलं.

"घड्याळजींना चालताना कधी बघितलंस?" आईचा आवाज चढला नव्हता, हेच जास्त भयंकर होतं. "चाळीस वर्षं डाव्या कुशीवर वाकून घड्याळं दुरुस्त केली त्या माणसाने. डावा खांदा उतरलाय त्यांचा. ज्याने हा कोट शिवला त्याने ही बाही अंगठाभर फिरवून बसवली असणार. किती फिरवून, ते आता कोण सांगणार? कोट त्यांना ओळखतो म्हणाले ना ते? ती ओळख तुझ्या कात्रीने कापली बघ."

टाचणीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. आईने बाही खिडकीच्या काचेवर टेकवली, मुंढा शेजारी धरला, आणि उजेडात जुन्या सुईची भोकं शोधू लागली. कुठे दाट, कुठे विरळ, एका जागी टाका दोनदा घातलेला. बाहीवर दुहेरी भोकं, मुंढ्यावर दुहेरी भोकं. ही तिची सोबतीण. तिथून पुढचं मोजत मोजत सगळा गोल जुळवायला उन्हं भिंतीवरून उतरेपर्यंत वेळ गेला. शेवटची खूण झाली तेव्हा आईने देवाचं नाव घेतलं आणि आखडलेली मान मोकळी केली.

टाचणीने त्याच वेळी गुलाबी कागद टेबलावर ठेवला. याहून वाईट वेळ शोधूनही सापडली नसती.

"सही हवीय. उद्या जमलं नाही तर तिथेच घेणार आहेत."

आईने अर्ज वाचला. दोनदा वाचला. मग हातात होता तोच शिवणाचा खडू धरून सहीच्या जागी वळणदार नाव काढलं.

"अगं बाई!" मावशी खो खो हसली. "खडूने कुणी सही करतं होय?"

"टीप मारायच्या आधी मी खूण खडूनेच करते," आई म्हणाली. "शाई उद्या बघू."

शुक्रवारी अकराला पाच कमी असताना टाचणी रिकाम्या वर्गात उभी होती. मागच्या बाकावर मुख्याध्यापक फायली घेऊन बसले होते, कारण तोंडी परीक्षेला साक्षीदार लागतो. टेबलावर बाईंचं मनगटी घड्याळ, घड्याळाखाली गुलाबी अर्ज. घडी घातलेला, म्हणून सही दिसत नव्हती.

बाईंनी पट्टी न घेता, नुसत्या हाताने आकृती काढली. "त्रिकोण अबक. बक हा पाया, त्याचा मध्य म. अम जोडली. ती रेघ तशीच पुढे न पर्यंत वाढवली, अशी की अम आणि मन सारख्या लांबीच्या. मग न आणि क जोडले. सिद्ध कर, अब आणि नक समांतर आहेत. अर्धा तास. चल."

टाचणीने फळ्याकडे पाहिलं.

समांतर? त्या दोन रेघा समांतर दिसतच नव्हत्या. नक अशी कलली होती की आणखी हातभर पुढे गेली असती तर अब च्या गळ्यात पडली असती. मधली रेघ म पाशी वाकलेली. आयुष्यात पहिल्यांदा तिला उत्तर दिसत नव्हतं. दिसत होतं ते उत्तराच्या उलट.

"बाई, आकृती चुकलीय."

"आकृती हाताने काढलीय."

"पट्टी मिळेल? मी नीट काढते."

"नाही."

कागद असता तर दुमडला असता. फळा काही दुमडता येत नाही. तिने डोकं तिरकं करून पाहिलं, एक डोळा मिटून पाहिलं, मागे सरून पाहिलं. पाच मिनिटं गेली, आठ गेली. मुख्याध्यापकांच्या फायलीचं पान उलटलं, त्याचासुद्धा आवाज कानात घुसला. घड्याळाखालचा गुलाबी कोपरा पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होता, जसा काही 'येतेस ना? येतेस ना?' म्हणून बोलावत होता. हाताच्या घामाने खडू ओला झाला. देवा, आता तूच, असं तिच्या मनात आलं, आणि मागोमाग आईचा आवाज आला. देवाने म्हणे अक्कल दिली ती डोळ्यांवर लक्ष ठेवायला.

तिने डोळे मिटून घेतले. डोळ्यांनीच तर घात केला होता, कालही आणि आजही.

शेवटचा टाका कुठला?

तिने डोळे उघडले, सरळ फळ्याच्या तळाशी वाकली आणि अगदी खालच्या ओळीत लिहिलं: 'म्हणून अब आणि नक समांतर.'

मागून मुख्याध्यापकांनी चष्मा काढला. "अहो बाई, ही तर जे सिद्ध करायचं तेच धरून चाललीय. आधी कळस, मग पाया बांधतेय!"

"धरलेलं नाही, सर," टाचणी वळली नाही. वळली असती तर धीर सुटला असता. "हा शेवटचा टाका आहे. जागा तेवढी धरून ठेवलीय. अजून घातलेला नाही."

बाईंनी हात वर करून मुख्याध्यापकांना थांबवलं. घड्याळात चौदा मिनिटं झाली होती.

याच्या आधी काय तयार हवं? रेघा समांतर म्हणायच्या तर त्यांना छेदणाऱ्या रेघेवरचे व्युत्क्रम कोन सारखे हवेत. तिने ते वरच्या ओळीत लिहिलं. कोन सारखे म्हणायचे तर त्याआधी? ते दोन एकरूप त्रिकोणांत बसलेले हवेत. आणखी वरची ओळ. त्रिकोण एकरूप म्हणायचे तर? दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन. आणि त्याच्या आधी? आता पुढे विचारायला काही उरलं नव्हतं. गिऱ्हाइकाने आणून दिलेलं कापड. अम आणि मन सारख्या, म मध्य.

तिच्या जिवात जीव आला. भराभर कोनांची नावं भरू लागली: 'कोन अबम बरोबर कोन मनक.' चित्रात ते दोन्ही कसे एकाच मापाचे दिसत होते.

दिसत होते.

हात तिथेच थबकला. खुणा केल्यात का? बाही कुठली, मुंढा कुठला? तिने आकृतीत अम वर एक आडवी रेघ मारली, नम वर एक. बम वर दोन, कम वर दोन. एकवाली एकवालीजवळ, दोनवाली दोनवालीजवळ. एकवालीच्या बाहेरच्या टोकाला अ आहे, तिकडे न. म्हणजे अ ची सोबतीण न. मग ब ची? क. आणि तिने तर ब ला न च्या गळ्यात बांधलं होतं! डावी बाही फिरली होती, अगदी कालच्यासारखी, फक्त आज ती अजून शिवलेली नव्हती.

"सहा मिनिटं उरली," बाई म्हणाल्या.

तिने तळहाताने 'मनक' पुसलं. फडकं शोधायला वेळ कुठे होता? लिहिलं, 'नकम'. मग फळ्याच्या वरच्या टोकाशी गेली आणि वरून खाली, एकेक टाका, कारण लावत सुटली.

"थांब. लिहिता लिहिता सांग. अम बरोबर मन. कारण?"

"दिलेलं आहे."

"बम बरोबर मक?"

"म मध्य आहे. तेही दिलंय."

"म पाशी ते दोन कोन सारखे?"

"समोरासमोरचे आहेत. दोन सरळ रेघा एकमेकींना छेदतात, म्हणून."

"सरळ?" बाईंनी खुर्चीवरून उठून म वर बोट ठेवलं. "ही अ पासून न पर्यंतची रेघ सरळ आहे? बघ नीट. मला तर वाकलेली दिसतेय."

खरंच वाकलेली होती. आंधळ्यालाही कळावं इतकी. कालची टाचणी इथे गप्प झाली असती. आजच्या टाचणीने आकृतीकडे पाठ केली आणि बाईंकडे पाहिलं.

"तुम्ही म्हणालात, रेघ तशीच पुढे वाढवली. वाढवलेली म्हणजे सरळच. ती वाकली तुमच्या हाताने, बाई. तुमच्या शब्दाने नाही वाकली."

मागच्या बाकावरून मुख्याध्यापकांना ठसका लागला. तो ठसका होता की हसू, ते त्यांनाच माहीत.

बाईंनी फक्त मान हलवली: पुढे.

"बाजू, कोन, बाजू. म्हणून त्रिकोण अबम आणि नकम एकरूप. म्हणून कोन अबम बरोबर कोन नकम. बक ने अब आणि नक ला छेदलंय, हे तिच्यावरचे व्युत्क्रम कोन आहेत. आणि म्हणून..." खालची ओळ आधीच लिहिलेली होती. तिने तिच्यापुढे फक्त एक टिंब दिलं. खडू दोन बोटांत मोडला. घड्याळात अजून अर्धं मिनिट होतं.

बाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या. वरून खाली वाचलं, मग खालून वर. पहिल्यापेक्षा दुसऱ्यांदा जास्त वेळ लागला.

"उलटं कुणी शिकवलं?"

"आई कोट उसवत होती."

बाईंनी घड्याळ मनगटावर बांधलं, अर्ज उचलला, उघडला आणि भुवया वर गेल्या. "ही सही खडूची आहे."

"हो, बाई."

"कारण?"

"आई म्हणाली, शाई आज बघू."

एवढा वेळ त्या चेहऱ्यावर काही हललं नव्हतं. आता ओठाच्या एका कोपऱ्यात काहीतरी हललं आणि लगेच जागेवर गेलं. बाईंनी फळ्याचं फडकं उचललं, अर्जावरून एकदा फिरवलं आणि कोरा गुलाबी कागद तिच्या हातात दिला. "सोमवारपासून पहिल्या बाकावर बसायचं. मुख्याध्यापकसाहेब, यादीत हिचं नाव आहे तिथेच राहू दे." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "आणि त्या समद्विभुज त्रिकोणाचं कारण मला सोमवारी हवंय. घडी न घालता."

घरी पोचली तेव्हा नव्या कोटाची उजवी बाही बसली होती, डावी आईच्या मांडीवर होती. मावशीने यंत्र थांबवलं, गाणं थांबवलं, आणि विचारायचं धाडस होईना म्हणून नुसतीच बघत राहिली.

आईने सुईवरची नजर उचलली नाही. "सही?"

"पुसली," टाचणी म्हणाली.

मावशीने हात जोडून कपाळाला लावले. आईने मांडीवरची बाही टेबलावर सरकवली, शेजारी खडू ठेवला. टाचणीने दप्तर खाली टाकलं, जुनी बाही काचेवर धरली, तिच्यावरच्या खुणा मोजल्या, आणि नव्या बाहीवर, अंगठाभर फिरवून, पहिली रेघ ओढली.